दिवाणी दावा समजून घेताना : घर, वारसा आणि धंद्याचे वाद

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्याकडे वडीलधाऱ्यांच्या तोंडी असते. ती अर्धी खरी आहे. दावा वर्षानुवर्षं चालतो, पैसा जातो, भावाभावांचं बोलणं बंद होतं. पण या म्हणीचा दुसरा परिणामही आपण मोहल्ल्यात पाहतो. बहीण बारा-पंधरा वर्षं गप्प राहते. उधारी अडकलेला दुकानदार "आज देईल, उद्या देईल" म्हणत थांबतो. आणि ज्या दिवशी वकिलाकडे जातात, त्या दिवशी कळतं की मुदत संपली आहे आणि हातात कागदही नाही. कोर्टात जायचं की नाही हा निर्णय नंतरचा आहे. आपला हक्क कोर्टात टिकेल इतपत कागद आणि तारखा सांभाळणं मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हातात आहे.

कोर्टाची भाषा अनेकांना परकी वाटते. खरं तर दिवाणी, दावा, वकील, कैफियत, दस्तऐवज, मुदत, जप्ती, दरखास्त, हुकूमनामा हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. उर्दू जाणणाऱ्या घरात ते ओळखीचेच आहेत. ओळख करून घ्यायची आहे ती फक्त त्यांच्या कायदेशीर अर्थाची.

दिवाणी की फौजदारी?

पैसे, जमीन, घर, वारसा, करार, भाडं, भागीदारी यांचे वाद दिवाणी असतात. इथं कोर्ट हक्क ठरवतं : पैसे द्या, ताबा द्या, हिस्सा वेगळा करा, बांधकाम थांबवा. चोरी, मारहाण, फसवणूक, बनावट दस्त हे फौजदारी. तिथं सरकार खटला चालवतं आणि गुन्हा शाबित झाला तर शिक्षा होते. पुराव्याची फूटपट्टीही वेगळी आहे. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे शाबित करावा लागतो. दिवाणीत दोन्ही बाजूंचा पुरावा तोलून कोणाचं म्हणणं जास्त खरं वाटतं, हे पाहिलं जातं.

आपल्याकडे उसने दिलेले पैसे परत आले नाहीत की लोक आधी पोलीस ठाण्यात जातात. पैसे वसूल करून देण्याचा अधिकार पोलिसांना नाही. समोरच्याचा सुरुवातीपासूनच फसवण्याचा इरादा होता असं दिसलं तरच फसवणुकीचा गुन्हा होतो. नुसतं देणं थकवलं तर तो दिवाणी वाद. ठाण्याच्या चकरा मारण्यात महिने जातात आणि तिकडे दिवाणी दाव्याची मुदत चालूच राहते. पोलिसात अर्ज दिला म्हणून ती थांबत नाही.

कोणत्या वादासाठी कोणता दरवाजा?

चुकीच्या ठिकाणी अर्ज देऊन बसणं हे वेळ वाया जाण्याचं मोठं कारण आहे. ढोबळ विभागणी अशी :

• घर, प्लॉट, हिस्सेवाटप, मनाई हुकूम, पैशाची वसुली : दिवाणी न्यायालय. जमीन-घराचा दावा मिळकत जिथं आहे तिथंच दाखल होतो. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा व्यवहार जिथं झाला तिथं.

• घरमालक-भाडेकरू : मुंबईत लघुवाद न्यायालय, तालुक्याच्या ठिकाणी दिवाणी न्यायालय. यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू होतो. या कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते.

• सातबारा किंवा फेरफार नोंदीची तक्रार : महसूल अधिकारी. इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सातबारावर नाव लागलं म्हणून मालकी मिळत नाही आणि नाव लागलं नाही म्हणून मालकी जात नाही. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयच देतं.

• नवरा-बायकोतील वाद, खावटी, मुलांचा ताबा : जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं ते.

• दुकानदार, बँक, विमा कंपनी, रुग्णालय यांच्या सेवेतील दोष : जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं इथं चालतात. ५ लाखांपर्यंत फी नाही. तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

• बिल्डरने फ्लॅटचा ताबा वेळेत दिला नाही : महारेरा.

• वक्फ मिळकतीचे वाद : वक्फ न्यायाधिकरण. मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या जागेचा वाद घेऊन थेट दिवाणी न्यायालयात जाण्याआधी हा मुद्दा वकिलाकडून तपासून घ्यावा.

मुदत : हक्क असूनही दावा का बुडतो

दिवाणी दाव्यासाठी मुदत कायदा, १९६३ लागू होतो. प्रत्येक प्रकारच्या दाव्याला वेळ ठरलेली आहे. ती उलटली तर तुमचं म्हणणं कितीही खरं असो, कोर्ट दावा फेटाळतं. समोरच्यानं हरकत घेतली नाही तरी कोर्टाला मुदत पाहावीच लागते.

• उसने दिलेले पैसे, मालाची थकबाकी : ३ वर्षं.
• करार करूनही खरेदीखत करून देत नाही : ३ वर्षं. करारात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून.
• मालकी हक्कावरून घर-जमिनीचा ताबा : १२ वर्षं.
• एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेणं : ३० दिवस.
• जिल्हा न्यायालयात अपील : ३० दिवस. उच्च न्यायालयात : ९० दिवस.
• हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त : सर्वसाधारणपणे १२ वर्षं.

पैशाच्या बाबतीत एक सोय आहे. मुदत संपण्याआधी देणेकऱ्यानं "तुमचे इतके पैसे देणं आहे" असं लिहून सही करून दिलं, तर त्या तारखेपासून पुन्हा ३ वर्षं मिळतात. मुदतीत थोडी रक्कम परत केली आणि तिची लेखी नोंद असेल तरी तसंच होतं. म्हणून "आत्ता नाहीत, नंतर देतो" म्हणणाऱ्या माणसाशी भांडण्यापेक्षा त्याच्याकडून चार ओळी लिहून घेणं जास्त उपयोगाचं. हे लिहून घेणं मुदतीच्या आत व्हायला हवं. मुदत संपल्यावर नुसती कबुली घेऊन ती परत जिवंत होत नाही.

सरकारविरुद्ध दावा करायचा असेल तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तो वेळही हिशेबात धरावा.

कागद

कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत सूरह अल-बकराची २८२ वी आहे आणि तिचा विषय कर्जाचा व्यवहार आहे. मुदतीचं देणंघेणं लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. तरीही आपल्या घरांत "भावाकडून काय लिहून घ्यायचं?" असं म्हटलं जातं. लिहून घेणं म्हणजे अविश्वास अशी समजूत झाली आहे. पुढे एकाचा इंतकाल होतो, मुलांना काहीच ठाऊक नसतं आणि जो वाद कागदाच्या एका चिठोऱ्यानं मिटला असता, तो दोन पिढ्या चालतो.

बाँडपेपरवरचा प्लॉट हा तर आपल्या वस्त्यांमधला सर्वांत मोठा प्रश्न. मालेगाव, भिवंडी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, कुठंही जा, स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घेतलेली घरं सापडतील. नोटरी फक्त सही कोणी केली याची खात्री करतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकत घेताना खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावंच लागतं. साठेखत म्हणजे पुढे विक्री करण्याचा करार. त्यानं मालकी येत नाही. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनंही मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. असा प्लॉट घेतलेला असेल आणि मूळ मालक हयात असेल, तर खरेदीखत करून घेण्याचं काम आजच हाती घ्या. तो गेल्यावर त्याच्या प्रत्येक वारसाच्या मागे फिरावं लागतं.

इतर कागदांबद्दल तीन गोष्टी. एक, जुने हिबानामे, निकाहनामे, वसीयतनामे उर्दूत असतात. मराठवाड्यात निजामकाळातले जमिनीचे कागदही उर्दूत सापडतात. जिल्हा व तालुका न्यायालयांचं काम मराठीत चालतं, त्यामुळे अशा कागदाचं मराठी भाषांतर सोबत लागतं. वाचणारे जाणकार आहेत तोवर ते करून ठेवावं. दोन, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, आवाजाची नोंद पुराव्यात चालते, पण भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ प्रमाणे त्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. मेसेज ज्या फोनवर आला तो फोन जपून ठेवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. तीन, मोठी रक्कम बँकेतूनच द्या. आयकर कायद्यानुसार २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घेता येत नाही. बँकेची नोंद हा पुरावाही ठरतो.

दावा कसा चालतो

१. नोटीस : बहुतेक प्रकरणांत वकिलामार्फत नोटीस पाठवली जाते. नोटीस आली की घाबरू नका, पण ती कपाटातही ठेवून देऊ नका. उत्तर न दिल्याचा अर्थ पुढे तुमच्याविरुद्ध लावला जाऊ शकतो.

२. वादपत्र : दावा करणारा वादी, ज्याच्यावर केला तो प्रतिवादी. वादी आपली हकीकत, मागणी आणि कागद दाखल करतो, कोर्ट फी भरतो. एकाच व्यवहारातल्या सगळ्या मागण्या एकाच दाव्यात कराव्या लागतात. सुटलेली मागणी नंतर करता येईलच असं नाही.

३. समन्स : कोर्टाचा बेलीफ किंवा टपाल समन्स आणतं. "घेतलंच नाही तर केसच चालणार नाही" ही समजूत चुकीची आहे. नाकारलेलं समन्स बजावलं असं धरलं जातं आणि दावा एकतर्फी चालतो. मराठी वाचायची सवय नसलेल्या घरात असा कागद आला, तर त्याच दिवशी कोणाकडून तरी वाचून घ्या आणि पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

४. कैफियत : प्रतिवादीचा लेखी जबाब. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायचा, कोर्ट कारण पाहून ९० दिवसांपर्यंत वेळ देतं. वादपत्रातली जी गोष्ट स्पष्टपणे नाकारली नाही ती कबूल आहे असं धरलं जातं.

५. तातडीचा मनाई हुकूम : समोरचा बांधकाम करतोय किंवा घर विकतोय, तर निकालापर्यंत थांबवण्यासाठी अर्ज देता येतो. आपल्या कोर्टांत याला "निशाणी ५ चा अर्ज" म्हणतात. प्रथमदर्शनी हक्क दिसतो का, हुकूम दिला नाही तर भरून न येणारं नुकसान होईल का, आणि जास्त त्रास कोणाला होईल, हे तीन मुद्दे कोर्ट पाहतं. उलट समोरचा आपल्याविरुद्ध असा हुकूम आणेल अशी भीती असेल, तर कॅव्हेट दाखल करून ठेवावं. ते ९० दिवस चालतं. तेवढ्या काळात तुम्हाला कळवल्याशिवाय असा हुकूम होऊ नये, हा त्याचा उद्देश.

६. मुद्दे आणि पुरावा : नेमका वाद कशाबद्दल आहे ते मुद्दे कोर्ट काढतं. मग शपथपत्रावर साक्ष आणि उलटतपासणी. दाव्याचा सर्वांत जास्त वेळ इथं जातो.

७. निकाल आणि हुकूमनामा : हिस्सेवाटपाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, म्हणजे कोणाचा हिस्सा किती ते ठरतं. प्रत्यक्ष वाटणी त्यानंतर.

८. दरखास्त : निकाल लागूनही समोरचा ऐकत नसेल तर अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते. त्यात मिळकत किंवा बँक खातं जप्त होतं, बेलीफमार्फत ताबा मिळतो. जिंकलेले अनेक लोक इथं थकतात. दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं आणि २०२५ मध्ये त्याची पुन्हा आठवण करून दिली. दरखास्त रेंगाळत असेल तर वकिलामार्फत या आदेशांकडे कोर्टाचं लक्ष वेधता येतं.

प्रत्येक केसला १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश घरबसल्या दिसतात. "वकीलसाहेब काही सांगत नाहीत" अशी तक्रार करण्याआधी एवढं स्वतः शिकून घ्यावं.

वारसा : घरातला दावा

मुस्लिम कायद्यात मुलाला किंवा मुलीला जन्मानं हक्क मिळत नाही. वडील हयात असेपर्यंत मालमत्ता त्यांची. इंतकाल झाला त्या क्षणी प्रत्येक वारसाचा ठराविक हिस्सा त्याच्या नावे होतो. मात्र आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि उरलेल्यातून वाटप. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे, तो वाटणीच्या आधी द्यायचा असतो.

हनफी पद्धतीनं एक उदाहरण घेऊ. अब्बा गेले, मागे अम्मी, दोन मुलं, दोन मुली. कर्ज वगैरे फेडून ४८ लाखांचं घर उरलं. अम्मीचा आठवा हिस्सा, म्हणजे ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांचे सहा भाग : प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक. मुलांना १४-१४ लाख, मुलींना ७-७ लाख.

हिशेब पाच मिनिटांचा आहे. वाद होतो तो मुलींच्या ७ लाखांवर. "लग्नात दिलं ना" हे कारण शरीअतमध्येही चालत नाही आणि कोर्टातही नाही. लग्नाचा खर्च म्हणजे वारसा नव्हे. बहिणीनं राजीखुशीनं हिस्सा सोडला तर तसं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. फेरफाराच्या अर्जावर "इथं सही कर" म्हणून घेतलेल्या सहीनं तिचा हक्क संपत नाही. भाऊ घरात राहतो म्हणूनही बहिणीचा हिस्सा आपोआप बुडत नाही. पण तिला हक्कच नाही असं उघड नाकारलं गेलं, की मुदतीचं घड्याळ सुरू होतं, हे बहिणींनी विसरू नये.

वारशात नेहमी गोंधळ होणाऱ्या आणखी काही गोष्टी :

• एका वारसानं पूर्ण घर विकलं तरी त्याला फक्त स्वतःचाच हिस्सा विकता येतो. घेणाऱ्यानं सगळ्या वारसांच्या, बहिणींच्याही, सह्या आहेत का ते पाहावं.

• वसीयत एकतृतीयांशापर्यंतच करता येते. वारसाच्याच नावे केली तर इंतकालानंतर बाकी वारसांची संमती लागते.

• बापाच्या आधी मुलगा वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर हनफी कायद्यात मयत मुलाच्या लेकरांना आजोबांचा वारसा मिळत नाही. म्हणून आजोबांनी हयातीतच त्यांच्यासाठी हिबा किंवा एकतृतीयांशातून वसीयत करून ठेवावी. यतीम नातवंडांचे कितीतरी दावे एवढ्या एका कागदाअभावी हरले जातात.

• हिब्याला तीन गोष्टी लागतात : देणाऱ्यानं जाहीर करणं, घेणाऱ्यानं स्वीकारणं आणि ताबा देणं. तोंडी हिबाही वैध आहे. लिहून ठेवला तरी नोंदणी सक्तीची नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. पण कागद असून ताबा दिला नसेल तर हिबा टिकत नाही. वाद टाळायचा असेल तर नोंदणी करून घेतलेली बरी.

• बँकेतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क सगळ्या वारसांचा. नॉमिनी नसेल किंवा वाद असेल तर बँक कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते.

धंद्यातले वाद

भावाभावांची, मित्रांची भागीदारी आपल्याकडे तोंडी चालते. भागीदारी नोंदवलेली नसेल, तर फर्मला करारावरून आलेल्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर दावाच करता येत नाही. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ चं कलम ६९ हेच सांगतं. एखाद्यानं लाखाचा माल नेला, पैसे दिले नाहीत, तर नोंदणी नसलेली फर्म हात चोळत बसते. भागीदारांना आपसात फर्म बंद करून हिशेब मागता येतो, पण तेवढंच. नोंदणीचा खर्च या नुकसानीपुढे काहीच नाही.

उधारीच्या वसुलीसाठी रस्ते कागदावर अवलंबून आहेत. लेखी करार, वचनचिठ्ठी किंवा हुंडी असेल तर समरी दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव मांडण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. चेक परत आला तर रस्ता फौजदारी आणि तारखा कडक : बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तेही गेले की पुढच्या एका महिन्यात तक्रार.

३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याखाली जातो. तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी करणं सक्तीचं आहे. ती टाळून केलेला दावा फेटाळला जातो. इथं कैफियतीला जास्तीत जास्त १२० दिवस मिळतात, त्यानंतर एक दिवसही नाही.

यंत्रमाग, शिवणकाम, फॅब्रिकेशन, फर्निचर, बेकरी असा लहान उद्योग असेल तर उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतलेल्याला लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. नाही दिले तर सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर समोरच्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायदा उशिरावर चक्रवाढ व्याजही देतो. व्याज घ्यायचं नसेल तर फक्त मुद्दल मागा, त्याला कोणी अडवत नाही. नोंदणी काम सुरू होण्याआधीची असली की वाद कमी होतो. फक्त खरेदी-विक्रीचा धंदा असेल तर मात्र ही सोय मिळत नाही.

समझोता : पण कागदावर

जमातचे बुजुर्ग किंवा दारुल कझा यांच्यासमोर अनेक वाद मिटतात आणि ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं आहे की दारुल कझा हे न्यायालय नाही आणि फतवा सक्तीनं लागू करता येत नाही. दोन्ही बाजूंनी राजीखुशीनं मानला तर ठीक. वर्षभरानं एकजण फिरला तर तोंडी समझोत्याचं काय करणार? त्याला कायद्याचं बळ देण्याचे मार्ग आहेत :

• लवाद : दोन्ही बाजूंनी वादापुरता लेखी करार करून विश्वासातल्या माणसाला लवाद नेमता येतं. लवाद व समेट अधिनियम, १९९६ प्रमाणे त्याच्या निवाड्याची कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होते. पैशाच्या आणि धंद्याच्या वादांसाठी हा चांगला मार्ग.

• कौटुंबिक समझोता : आधीच झालेल्या वाटणीची नुसती आठवण लिहून ठेवली तर नोंदणी लागत नाही. त्या कागदानंच वाटणी होत असेल तर नोंदणी हवी.

• तडजोड हुकूमनामा : दावा चालू असेल तर तडजोड लेखी देऊन कोर्टाकडून तसा हुकूमनामा घ्यावा.

• लोकअदालत : इथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही आणि चालू दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. अपील नाही, म्हणून घाईत सही करू नका.

खर्च आणि मोफत वकील

महिलांना त्यांच्या उत्पन्नाचा विचार न करता मोफत कायदेशीर मदत मिळते. मुलं, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्ती यांनाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. दोन्हींची कार्यालयं न्यायालयाच्या आवारातच असतात. हेल्पलाइन १५१००.

महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्तेचे वाद, अत्याचार आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. हिस्सा मागणाऱ्या बहिणीला "इतकी फी कुठून आणू" म्हणून थांबायची गरज नाही. ही माफी वकिलाला आठवणीनं सांगावी.

वकिलाकडे जाताना

• घडलेल्या गोष्टी तारखेनुसार एका पानावर लिहून न्या.
• कागदांच्या झेरॉक्स द्या. मूळ कागद द्यावे लागलेच तर पोच घ्या.
• कोऱ्या कागदावर सही करू नका. वकीलपत्र वाचून सही करा.
• पहिला प्रश्न हाच विचारा : माझी मुदत कधी संपते?
• दुसरा प्रश्न : माझ्या बाजूनं कोणता कागद कमी आहे?
• आपल्याविरुद्ध जाणारी गोष्ट लपवू नका. ती उलटतपासणीत बाहेर येते आणि तेव्हा सावरायला वेळ नसतो.

ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक प्रकरणाचे कागद वेगळे असतात, म्हणून निर्णय वकिलाच्या सल्ल्यानंच घ्यावा. येत्या जुम्म्याच्या सुट्टीत किंवा रविवारी घरातली कागदाची पेटी एकदा उघडा. घराचं खरेदीखत नोंदवलेलं आहे का, उसनवारीची तारीख कोणती, अब्बांच्या नावावर अजून काय आहे, हे लिहून काढा. आणि ते लिहिताना बहिणींनाही बोलवा.